वारीला निघणारी ट्रॉली



एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरची ट्रॉली दरवर्षी गावच्या दिंडीबरोबर सामान घेऊन पंढरपूरला जाते. यंदा सासूबाईही पायी निघाल्या आहेत. वय सत्तरीच्या पुढे. दिवसा चालेन म्हणतात, पण ओल्या रानात तंबूखाली पाठ टेकायची आता हाडांना सोसत नाही. तेव्हा ट्रॉलीतच चार-पाच बायकांच्या निजण्याची नीट सोय करता येईल का, आणि तीही घरच्या घरी, असे त्या विचारतात.

येईल. दोन माणसे, एक पाना-पेटी आणि सात-आठ दिवस सवड एवढे हाताशी असले की पुष्कळसे काम दारातच होते. वेल्डिंगपुरता मिस्त्री लागेल. देहूहून तुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि आळंदीहून माउलींची अष्टमीला. त्याआधी निदान पंधरा दिवस तरी काम हाती घ्यावे. आदल्या आठवड्यात प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानापुढे ट्रॉल्यांची रांग असते, आणि रांगेतले काम कसे होते ते तुम्हांला सांगायला नको.

एक गोष्ट आधीच बोलून घेऊ. ट्रॉली उभी असली की ती घर, चालू लागली की ती मालगाडी. चालत्या ट्रॉलीत माणसे बसवणे कायद्याला मंजूर नाही. अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडकतात. "म्हातारी माणसे थकली, दोन मैल बसू द्या" अशी विनवणी वाटेत होणारच. थकलेल्यांसाठी दिंडीने जीप किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवावी. ट्रॉलीत बाजूला धरायला काही नसते, आणि ताडपत्रीच्या आत बसलेल्याला पुढचा खड्डाही दिसत नाही. आजचे लिखाण मुक्कामावर उभ्या असलेल्या ट्रॉलीपुरते आहे, आणि तिने मुक्कामापर्यंत सुखरूप पोचावे यासाठी आहे.

सुरुवात चाकांपासून करा. उसाच्या हंगामात ट्रॉलीने चार-पाच महिने अंगावर ओझे घेऊन कारखान्याच्या वाऱ्या केलेल्या असतात. हंगाम संपला की ती गोठ्यामागे जाते ती थेट आषाढात बाहेर येते. मधल्या काळात बेअरिंगकडे कोणी पाहात नाही. सपाट, टणक जागी ट्रॉली उभी करा. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून उटी लावा, जॅकखाली जाड फळी ठेवा आणि चाक जमिनीपासून बोटभर उचला. एक्सलखाली लाकडी ओंडक्यांचा पक्का टेकू दिल्याशिवाय कोणीही खाली शिरायचे नाही. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, मग तो कितीही नवा असो.

आता चाकाला वर आणि खाली असे दोन हात लावून हलवा. खडखड लागली किंवा खेळ जाणवला तर बेअरिंग ढिले आहे. चाक हाताने फिरवा. दगड दळल्यासारखा आवाज आला तर ते खराब झाले आहे, आवळून भागणार नाही. हबची टोपी काढा, काटपिन सरळ करून ओढा, नट सोडा आणि बेअरिंग बाहेर काढा. रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन स्वच्छ फडक्यावर वाळू द्या. हवेच्या पाइपने गरगरा फिरवून वाळवण्याची पोरांना हौस असते, ती करू देऊ नये. कोरडे बेअरिंग असे फिरवले तर खराब होते. एखादी गोळी सुटून डोळ्यालाही लागू शकते. रोलर निळे-काळे पडले असतील किंवा पृष्ठभागावर देवीच्या व्रणासारखे खड्डे दिसले तर जोडी बदला, म्हणजे आतली वाटी आणि बाहेरची, दोन्ही.

ग्रीस भरताना ते वरवर फासण्याने काही होत नाही. तळहातावर गोळा घ्यावा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहावे, म्हणजे ग्रीस रोलरांमधून वर दिसू लागते. असे पूर्ण फेरा फिरवून करावे. जुने ग्रीस हबमधून सगळे पुसून काढा. दोन निराळ्या जातींची ग्रीसे एकत्र झाली की कधी कधी पातळ होऊन गळून जातात. ऑइल सील फाटलेले असेल तर नवे घाला. त्याची किंमत थोडी असते, पण ते फाटले की चिखलाचे पाणी सरळ आत जाते. बसवताना चाक फिरवत फिरवत नट आवळा. चाक किंचित जड झाले की थांबा, आणि नट इतकाच मागे घ्या की पुढचे भोक जुळून काटपिन जाईल. काटपिन नेहमी नवीच घ्यावी. एकदा वाकवून सरळ केलेली पिन दुसऱ्यांदा वाकवली की तुटायला आलेलीच असते.

निघाल्यावर पहिल्या पाच-सहा मैलांनंतर थांबून प्रत्येक हबजवळ हाताची उलटी बाजू न्या. एक हब इतरांपेक्षा तापला असेल तर नट जास्त आवळला गेला आहे किंवा ग्रीस कमी पडले आहे. चाकांचे नटही तेव्हाच पुन्हा तपासा. ते समोरासमोरचे आवळावेत, ओळीने नव्हे.

टायरच्या हवेचा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. त्याहून जास्त हवा कधीच भरू नये. हवा टायर थंड असताना मोजावी. अंगठ्याने दाबून हवा कळते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण पंपावरचा काटा खोटे बोलत नाही. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे दिसले तर ती बनण्याची तारीख असते. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण बाजूला भेगा, असा जुना टायर उन्हात भरल्या ओझ्याने फुटतो.

यानंतर दांडी. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी एक पिन असते, आणि साऱ्या दिंडीचे सामान त्या एका पिनवर असते. ती मधोमध झिजून कमरेला बारीक झाली असेल तर बदला. तिच्या जागी पहार तोडून घातलेला तुकडा किंवा बाजारातला साधा बोल्ट चालवू नये. पिन उडून वर येऊ नये म्हणून खालची कडी लावलेलीच हवी. शिवाय दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक जाड साखळी बांधा. पिन तुटली तरी ट्रॉली तशीच वारकऱ्यांच्या गर्दीत घुसू नये, एवढ्यासाठी ती असते. वळताना ताण येणार नाही इतकी ढील द्या, पण जमिनीला घासणार नाही हेही पाहा. दांडीच्या वेल्डिंगला चीर पडली आहे का ते पाहण्यासाठी घाण आणि रंग तारेच्या ब्रशने घासून काढावा. गंजाची लाल रेघ एका सरळ ओळीत दिसली तर तिथे चीर आहे असे समजून मिस्त्रीला दाखवा.

आता ब्रेक. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. थांबवायचे काम ट्रॅक्टरचे, आणि त्याला डावा-उजवा असे दोन पाय-ब्रेक असतात. शेतात आखूड वळताना आपण एकच दाबतो. रस्त्यावर मात्र दोन्ही खिटीने जोडलेले हवेत. खिटी न लावता उतारावर एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागून ट्रॉली ढकलत येते. माउलींच्या वाटेवर पुणे-सासवड दरम्यान दिवे घाट आहे, तुकोबारायांच्या वाटेवर रोटी घाट. जाताना चढ आणि येताना उतार. ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरावे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून ट्रॅक्टर सोडणाऱ्या चालकाच्या हाती दिंडीची ट्रॉली देऊ नये, तो भाचा असला तरी.

सामान कसे भरता यावरही बरेच अवलंबून असते. दोन चाकी ट्रॉली ही बैलगाडीच समजा. मागे ओझे जास्त झाले तर ती उलाळ होते, दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाके रस्ता धरत नाहीत. सगळेच पुढे रचले तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड हलके होऊन स्टेअरिंग ऐकत नाही. जड सामान चाकांच्या वर, त्यातले थोडे जास्त पुढच्या अंगाला, असे बसवावे. पाण्याचे २०० लिटरचे पिंप भरले म्हणजे २०० किलो झाले. ते चाकावरच उभे करून साखळीने बांधावे आणि घाटात अर्धवट भरलेले नेऊ नये, कारण पाणी हिंदकळून ओझे इकडचे तिकडे जाते. पिंप खाण्याच्या वस्तूंचेच असावे. औषधाचे किंवा रसायनाचे पिंप दहा वेळा धुतले तरी त्यातले पाणी माणसांना पाजू नये.

आता घराकडे वळू. तळाचा पत्रा आधी पाहा. उसाची चिपाडे आणि चिखल कोपऱ्यात कुजून तिथे भोके पडलेली असतात. मोठ्या भोकावर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगपूर्वी ट्रॅक्टर सोडून बाजूला न्यावा आणि डिझेलचे डबे लांब ठेवावेत. बाकी ठिकाणी गंज ब्रशने घासून रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइलपेंटचा एक हात द्या. खालच्या बाजूनेही द्या, कारण गंज खालूनच चढतो. कोपऱ्यांत पाणी जाण्यापुरते एकेक भोक मुद्दाम ठेवावे.

दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशा ट्रॉलीत माणसे आडवी निजली तर प्रत्येकी दोन फुटांप्रमाणे पाच जणींची जागा होते. पण सामान कुठे जाईल? त्यावर सोपी तोड आहे. बाजूच्या पत्र्याला आतून, वरच्या काठापासून चार-पाच इंच खाली, लोखंडी अँगल दोन्ही बाजूंना लावून घ्या आणि त्यावर आडव्या फळ्या टाका. खाली पेट्या, शिधा, भांडी. वर निजायला फळ्यांची गच्ची. बाजूचा पत्रा वर चार-पाच इंच उरतो, त्यामुळे झोपेत कोणी गडगडत नाही. फळ्या सुट्या असाव्यात, म्हणजे खालचे सामान काढताना एकच उचलता येते. पण प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना खालून लाकडी ठोकळा मारा, म्हणजे ती सरकून अँगलवरून निसटत नाही. वर सतरंजी, तिच्याखाली रिकामी पोती. गादी नको, एकदा भिजली की पंढरपूरपर्यंत वाळत नाही.

चढण्या-उतरण्याची शिडी हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या दृष्टीने सर्वांत मोठा भाग आहे. म्हाताऱ्या माणसाला रात्री दोन वेळा तरी खाली उतरावे लागते. अंधार, ओली जमीन, झोपेचा अंमल, आणि साडीचा घोळ. पायरी-पायरीत दहा इंचांहून जास्त अंतर नसावे, पायरी अख्खे पाऊल मावेल इतकी रुंद असावी, आणि तिच्यावर जुन्या टायरच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकाव्यात. शिडीला वरच्या टोकाला दोन आकडे करून ती मागच्या फाळक्यात अडकवा, नुसती टेकवून ठेवू नका. एका बाजूला उभा पाइप लावला तर हाताला धरायला आधार होतो. एवढ्या एका कामासाठी मिस्त्रीला पैसे द्यावे लागले तर खुशाल द्यावेत.

ट्रॅक्टर सोडून ट्रॉली उभी करणार असाल तर दांडीखाली पक्का टेकू द्या. दोन चाकी ट्रॉलीला मागच्या दोन्ही कोपऱ्यांखालीही टेकू हवेतच. पाच जणी एकदम मागे सरकल्या तर ट्रॉली उलाळ होऊन मागच्या अंगाने जमिनीवर बसेल. चारी बाजूंनी उटी लावायची ती वेगळी.

छपरासाठी पाऊण किंवा एक इंची पाइपाच्या कमानी करतात; बांबूच्याही चालतात. मधोमध, पुढून मागेपर्यंत एक आडवा पाइप कण्यासारखा बांधलाच पाहिजे. तो नसला तर दोन कमानींमध्ये ताडपत्रीला खोळ पडते आणि पाणी साचते. एक मीटर लांब-रुंद जागेत दोन इंच पाणी साचले तर त्याचे वजन सुमारे पन्नास किलो होते. ते मध्यरात्री अंगावर आले तर ताडपत्री फाटून सगळा संसार भिजतो. ताडपत्री जिथे पाइपाला घासते तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. बाजूंनी ती पत्र्याच्या बाहेरून हातभर खाली यावी. आत खोचली तर पाणी थेट अंथरुणात येते. पुढे आणि मागे वरच्या बाजूला वीतभर फट मोकळी राहू द्या, तिचे कारण पुढे सांगतो.

कमानींची उंची बेताची ठेवा, बसून डोक्याला लागणार नाही इतकी पुरे. गावोगावच्या रस्त्यांवर विजेच्या तारा लोंबत असतात आणि ओली बांबूची कमान असली तरी धोका टळत नाही. मुक्कामाची जागा तारेखाली कधीच घेऊ नये. शक्य असेल तर कमानी काढून ठेवून चालावे आणि मुक्कामावर उभाराव्यात. चौघांना अर्धा तास लागतो.

उजेडासाठी १२ व्होल्टचे एलईडी दिवे घ्या. ५ वॅटचे तीन दिवे रात्री सहा तास लावले तर १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतले फक्त आठेक अँपिअर-अवर जातात. खरा खादाड म्हणजे मोबाइल. २० मोबाइल भरले की जवळजवळ निम्मी बॅटरी रिकामी होते. ही जातीची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, लवकर मरते. तेव्हा मोबाइलची पाळी लावून घ्या. ट्रॅक्टरच्या बॅटरीला हात लावू नका, सकाळी स्टार्टर फिरणार नाही आणि दिंडी पुढे निघून जाईल. वेगळी बॅटरी झाकणाच्या पेटीत, ताडपत्रीच्या बाहेर, दांडीजवळ ठेवा, कारण तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरातच १० अँपिअरचा फ्यूज घाला. शेजारच्या खांबावर आकडा टाकून वीज घेण्याचा विचारही नको.

मागचे लाल दिवे मंद लागतात अशी तक्रार असते. बहुतेक वेळा बल्बचा दोष नसतो. दिव्याचा परतीचा प्रवाह गंजलेल्या दांडीतून आणि ग्रीस लागलेल्या पिनमधून जातो, म्हणून दिवा पेंगतो. ट्रॅक्टरपासून दिव्यापर्यंत अर्थची वेगळी वायर टाका, लगेच फरक दिसेल. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. रुंद झालेल्या रस्त्यावर वाहने आता पूर्वीपेक्षा फार वेगाने येतात. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी अशी चमकपट्टी लावावी. चिखलाने ती झाकली जाते, म्हणून निघताना रोज फडके मारावे. आणि मुक्काम रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्ता सोडून आत करावा.

आता ती फट. ट्रॉलीच्या आत चूल, शेगडी, स्टोव्ह किंवा गॅस, काहीही पेटवू नये. पाऊस कोसळत असतो, चहा हवासा वाटतो, आणि कोणीतरी म्हणते की कोपऱ्यात शेगडी ठेवली तर ऊबही येईल. कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. निजलेल्या माणसाला जागही येत नाही. गॅसची गोष्ट निराळी. तो हवेपेक्षा जड असतो आणि ट्रॉली म्हणजे चारी बाजूंनी बंद असा हौदच. टाकी जरा गळली तरी गॅस तळाशी, सामानात साठून राहतो आणि एका काडीने भडकतो. टाकी उभी, बाहेर, मोकळ्यावर ठेवा. जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते रोज पाहा. रबरी नळीला चिरा असतील तर घरूनच नवी घेऊन निघा. ट्रॅक्टरचे इंजिनही ट्रॉलीला लागून रात्रभर चालू ठेवू नये.

बरोबर न्यायचे सामान: जॅक, टॉमी आणि चाकाचा पाना, जॅकखालची फळी, उटीचे चार ठोकळे, दांडीची एक जादा पिन, काटपिनी, अर्धा किलो ग्रीस, फ्यूज आणि बल्ब, चिकटपट्टी, दोन विजेऱ्या, जाड सुई आणि ताडपत्री शिवायला मेणाचा दोरा. ही पेटी फळ्यांखाली पुरू नका, फाळक्याजवळ वरच ठेवा. ती लागते तेव्हा बहुधा रात्र असते आणि वर पाच जणी निजलेल्या असतात.

पुढच्या अंकी पाठीवरच्या फवारणी पंपाचे वायसर आणि नोझल घरी कसे बदलावे ते पाहू. ज्यांचा पंप दट्ट्याजवळ गळतो त्यांनी तोवर तो टाकून देऊ नये.